घटातले जव

आश्विन शुद्ध प्रतिपदेला आमच्या घरी घट बसतो. पळसाच्या पानांची पत्रावळ, तीवर शेतातून आणलेली काळी माती, मध्यभागी पाण्याने भरलेला घट आणि त्याच्या सभोवार पेरलेले धान्य, असे हे देवघरातील चिमुकले शेत नऊ दिवस आजीच्या देखरेखीखाली असते. बाकीचे धान्य घरचेच असते. जव मात्र आदिलाबादच्या बाजारातून, पूजासाहित्याच्या दुकानातून आणावे लागतात. आमच्या भागात जव कोणी पेरीत नाही. आमची जमीन कापसाची, सोयाबीनची, तुरीची आणि ज्वारीची. मी घरात ‘जव’ असा शब्द उच्चारला की बाबांना ‘जवस’ ऐकू येते आणि लगेच चटणीची आठवण होते. कारण निळ्या फुलांचा जवस पूर्वी आमच्या शेतात होत असे, जव कधीच झाले नाहीत. आमच्या दृष्टीने जव हे पीक नव्हेच. ते नऊ दिवसांचे पाहुणे. दसऱ्याला त्यांचे पिवळसर तुरे टोपीत खोवले जातात आणि पुढे वर्षभर त्यांची आठवणही कोणाला होत नाही.

गेल्या वर्षी ह्या पाहुण्यांच्या बाबतीत माझ्या हातून एक आगळीक घडली. ती कशी घडली हे सांगावयाचे तर आधी आमच्या सोयाबीनविषयी सांगितले पाहिजे.

आमची जमीन चार एकर. पैनगंगेपासून फार दूर नाही. गेल्या वर्षी मृगाचा पाऊस वेळेवर आला, पेरणी साधली, आणि श्रावणाच्या आरंभी पीक गुडघ्याएवढे झाले असता ते पिवळे दिसू लागले. बाबांनी युरिया आणून फेकला. आठ दिवसांनी पुन्हा फेकला. खालची पाने गर्द हिरवी झाली, पण शेंड्याकडील कोवळी पाने पिवळी ती पिवळीच राहिली. हा सारा युरिया उधारीचा होता. रात्री जेवताना बाबा काही बोलत नसत आणि आजी ताटात भाकरी वाढताना त्यांच्या तोंडाकडे पाहत असे, एवढे मला स्पष्ट आठवते. त्या साली चार एकरांत बावीस क्विंटल सोयाबीन झाले. उधारी फिटली; माझ्या थोरल्या भावाचे आदिलाबादला शिकावयास जाणे मात्र एक वर्ष लांबले.

ह्याच सुमारास आमचे विज्ञानाचे गुरुजी वर्गात वनस्पतींचे अन्न हा विषय शिकवीत होते. नत्र, स्फुरद आणि पालाश ही तीन नावे आम्हां शेतकऱ्यांच्या मुलांना पाठच असतात. गुरुजी म्हणाले, “चौथे नाव लक्षात ठेवा, ते गंधकाचे.” कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आणणारा, लसणाला आणि मोहरीला त्यांचा उग्रपणा देणारा, केस जळाले असता ज्याची दुर्गंधी येते तो पदार्थ गंधकाच्याच घराण्यातला. परंतु ज्यांना वास नाही अशा धान्यांतही तो असतोच. प्रथिने ज्या घटकांपासून बनतात त्यांपैकी मेथिओनिन आणि सिस्टीन ह्या दोघांना गंधकावाचून आकारच येत नाही. पानातील हरितद्रव्यात गंधक नसतो, तथापि ते घडविण्याचे काम प्रथिनेच करतात. ती अपुरी पडली की पान फिके पडते. नंतर गुरुजींनी एक खूण सांगितली. नत्र कमी पडले तर झाड जुन्या पानांतले नत्र काढून नव्या पानांना देते, म्हणून खालची पाने आधी पिवळी होतात. गंधकाची अशी ने-आण झाडाला फारशी साधत नाही. म्हणून तो कमी पडला की शेंड्याची कोवळी पाने आधी पिवळी होतात.

ते ऐकून मी बाकावरच ताठ बसले. आमचे शेत माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले, आणि त्यामागोमाग घटातले जवही उभे राहिले. तेही कोवळे असतात आणि तेही पिवळे असतात! घटातली माती आमच्याच शेतातली. मग दोहोंचा रोग एकच असला पाहिजे, असा सिद्धान्त मी घरी पोहोचेपर्यंत पक्का करून टाकला. बाबांना सांगण्यापूर्वी खात्री करून घ्यावी, एवढा विवेक मात्र मला सुचला. मिरचीवरील भुरीसाठी आणलेली गंधकाची भुकटी कोठीत शिल्लक होती. घट बसविला त्या रात्री मी देवघरात शिरले आणि घटाच्या उजव्या बाजूच्या मातीत ती भुकटी चमचाभर मिसळली. डावी बाजू तशीच ठेवली.

चोरी दुसऱ्या दिवशी सकाळीच उघडकीस आली. “काहून गं, देवाच्या घटात हे काय टाकलं?” आजीने विचारले. मी खरे ते सांगितले. आजी रागावली नाही, आणि त्याचेच मला अधिक वाईट वाटले. तिने नुसते हात जोडले आणि म्हणाली, “लेकरू आहे, समजून घे.” हे ती मला म्हणत नव्हती.

नऊ दिवसांनी उजवीकडील जव डावीकडील जवांइतकेच पिवळे होते.

मी ही हकिगत गुरुजींना सांगितली, तेव्हा ते बराच वेळ हसले. मग त्यांनी खडू हाती घेऊन माझ्या सिद्धान्ताची एकेक वीट काढून टाकली. पहिली गोष्ट, जव पिवळे होतात ते देवघरातील अंधारामुळे. उजेडावाचून हरितद्रव्य तयारच होत नाही. दुसरी गोष्ट, दाण्यात आईने बांधून दिलेली शिदोरी असते. पहिले आठ-दहा दिवस रोप मुख्यतः तिच्यावरच जगते. मातीत काय आहे आणि काय नाही ह्याची त्याला फारशी गरजच पडत नाही. तिसरी गोष्ट मला सर्वांत नवी होती. मुळांना गंधक पिवळ्या भुकटीच्या रूपात घेता येत नाही. जमिनीतील सूक्ष्म जंतू त्या भुकटीचे हळूहळू सल्फेटमध्ये रूपांतर करतात आणि ते पाण्यात विरघळले म्हणजे मग मुळे ते पितात. ह्या कामाला ओल लागते, ऊब लागते आणि आठवड्यांवर आठवडे लागतात. “तू नऊ दिवसांच्या पाहुण्यापुढे न शिजलेले धान्य ठेवलेस,” गुरुजी म्हणाले.

मग त्यांनी हातातला खडू मला दिला. खडू प्लास्टर ऑफ पॅरिसचा असतो आणि पाणी पिऊन घट्ट झालेले प्लास्टर म्हणजे जिप्समच होय. जिप्सममध्ये गंधक तयार सल्फेटच्या रूपात असतो. “हा कुटून चिमूटभर घाल. मात्र देवघरात नको, अंगणात. आणि कोवळ्या रोपावर थांबू नकोस, ओंबी येईपर्यंत धीर धर.”

कार्तिकात मी दोन कुंड्या भरल्या. दोहींत शेतातलीच माती, सारखाच चिमूटभर युरिया, आणि घटासाठी आणलेल्या पुडीतले उरलेले पाच-पाच जव. एका कुंडीत खडूची पूड, दुसरीत नाही. जवाला थंडी मानवते आणि आमच्या जिल्ह्यात थंडीला तोटा नाही. तेलंगणातील सर्वांत गारठलेली सकाळ पुष्कळदा आदिलाबादचीच असते. महिनाभर दोन्ही कुंड्या जुळ्या बहिणींसारख्या दिसत होत्या आणि माझा धीर सुटत चालला होता. सहाव्या आठवड्यात फरक पडला. खडू न घातलेल्या कुंडीत वरचे पान खालच्या पानापेक्षा फिके दिसू लागले. तेथे रोपाला तीन-तीन फुटवे होते. खडूच्या कुंडीत चार, एका रोपाला तर पाच. माघात दोन्हीकडे कुसळांच्या ओंब्या आल्या. जवाची ओंबी आमच्या घरात प्रथमच सर्वांनी पाहिली आणि आजीने तिच्यावरून हात फिरवला. दाणे मोजून व तोलून मी कोष्टक करणार होते, परंतु एके दुपारी शेजारची शेळी अंगणात आली. तिने दोन्ही कुंड्यांत कोणताही भेद केला नाही.

गुरुजी म्हणाले की जव हा प्रयोगासाठी मी उगाच निवडलेला नाही. त्याला मोठी परंपरा आहे. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड येथे १८५२ साली जवाच्या खतांचा जो प्रयोग सुरू झाला तो आजही चालू आहे. तेथील जॉन लॉज ह्या गृहस्थाने १८४२ मध्ये सुपरफॉस्फेट ह्या खताचे एकस्व घेतले होते. त्याची दृष्टी स्फुरदावर होती. स्फुरद विरघळावे म्हणून तो हाडांवर व खनिजावर गंधकाम्ल ओतीत असे, आणि त्या क्रियेत जिप्सम आपोआप तयार होऊन खतातच राहत असे. म्हणजे पोत्यावर नाव स्फुरदाचे आणि पोत्यात गंधक बिनबोलावता आलेला. पुढे कारखान्यांच्या धुरांड्यांतून निघालेला गंधकही पावसाबरोबर त्या देशांतील शेतांवर पडत राहिला. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत तेथील हवा स्वच्छ होऊ लागली आणि त्याबरोबर जव, गहू व मोहरीवर्गीय पिके गंधकासाठी भुकेली दिसू लागली. धूर गेला हे चांगलेच झाले. पण त्या धुरात एक खत होते हे तो गेल्यावर कळले. गंधक नसला की नत्र कितीही दिले तरी जवाला त्याचे प्रथिन करता येत नाही, फुटवे व दाणे घटतात, आणि दिलेले नत्र वाया जाते. बाबांच्या दोन वेळच्या युरियाचे काय झाले असावे, हे मला तेव्हा उमगले.

आमच्याकडे कारखान्यांचा धूर नव्हता, पण गंधक चोरपावलांनी येत होता तो दुसऱ्या वाटेने. शेणखत होते, जमिनीतील बहुतेक गंधक सेंद्रिय पदार्थातच साठलेला असतो. सिंगल सुपर फॉस्फेट होते, अमोनियम सल्फेट होते. नंतर डीएपी आले. एका पोत्यात एवढे स्फुरद की बैलगाडीची एक खेप वाचली. डीएपीत १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद असते, गंधक मुळीच नसतो, युरियातही नसतो. इकडे पिके बदलली. एक टन धान्य पिकविण्यास तृणधान्याला सुमारे ३ ते ४ किलो गंधक पुरतो, कडधान्याला ८ किलो आणि तेलबियांना १२ किलो लागतो. जेथे ज्वारी होती तेथे सोयाबीन आले. भूक वाढली आणि वाढपी निघून गेला. त्यात आमचा पाऊस जोरकस; सल्फेट पाण्याबरोबर खाली उतरून जाते.

हे सारे मला पटले होते, पण बाबांना पटविणे ही निराळी गोष्ट होती. गुरुजींनीही एक इशारा देऊन ठेवला होता. सोयाबीनचा शेंडा पिवळा पडण्याची कारणे अनेक असतात. लोह कमी पडले तर शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा होतो. मोझॅक रोगात पानावर पिवळे-हिरवे डाग पडतात. गंधकाच्या अभावी सबंध पान एकसारखे फिके होते. आता पीक तर निघून गेले होते आणि मी पाने जपून ठेवलेली नव्हती. मातीलाच विचारणे भाग होते.

आणि मातीने आपले उत्तर पूर्वीच देऊन ठेवले होते! फाल्गुनात ट्रंकेतील कागद आवरताना मला चार वर्षांपूर्वीची मृदा आरोग्य पत्रिका सापडली. देशात ही योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली आणि तिच्यात मातीचे बारा गुण तपासून दिलेले असतात. पत्रिका तेलुगूत होती. आमचे घर मराठी. १९५६ च्या भाषावार प्रांतरचनेत किनवट आणि राजुरा हे आदिलाबाद जिल्ह्यातील तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, आम्ही येथेच राहिलो. आंध्र प्रदेशात राहिलो आणि २०१४ पासून तेलंगणात आहोत. बाबा बाजारात तेलुगू झरझर बोलतात, पण त्यांचे शिक्षण मराठीत झाल्यामुळे ती लिपी त्यांना वाचता येत नाही. मी शाळेत तेलुगू हा विषय शिकते. त्या अनोळखी वळणांच्या अक्षरांत मी बोट फिरवीत गेले आणि एका ओळीवर थांबले. शब्द होता ‘गंधकम्’. पुढे आकडा होता ७ आणि त्यापुढे ‘कमी’ अशा अर्थाचा शेरा. एक किलो मातीत उपलब्ध गंधक १० मिलिग्रॅमच्या खाली असला की ती जमीन गंधकाला दरिद्री समजतात.

मी ती ओळ बाबांना वाचून दाखविली. त्यांनी पत्रिका हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि पुन्हा माझ्या हाती दिली. “चार वर्षं ट्रंकेत होती?” एवढेच ते म्हणाले. मला वाटले होते की त्यांना आनंद होईल.

पत्रिका जुनी, म्हणून आम्ही माती पुन्हा तपासली. शेतात वेडेवाकडे फिरून दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा वीतभर खड्डा घ्यावयाचा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडावयाची, सारी एकत्र मिसळून चार भाग करावयाचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यावयाचे आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करीत राहावयाचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत हे काम मी आणि बाबांनी मिळून केले. बांधावर, झाडाखाली आणि शेणखताच्या ढिगाजवळ माती घ्यावयाची नसते हे मी त्यांना सांगितले, तेव्हा ते हसले. गेल्या श्रावणानंतर प्रथमच. नवा आकडा आला ८.

मग हिशोब मांडला. डीएपीच्या ५० किलोंच्या एका पोत्यात २३ किलो स्फुरद आणि ९ किलो नत्र. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्के, म्हणजे तीन पोत्यांत २४ किलो. त्याबरोबर ११ टक्क्यांच्या हिशोबाने साडेसोळा किलो गंधक. नत्राची उणीव २० किलो युरियाने भरून निघते, म्हणजे ४५ किलोंच्या पोत्याचा अर्धा भागही लागत नाही. कागदावर गणित सुंदर सुटले. शेतात मात्र एका पोत्याऐवजी तीन पोती वाहावयाची होती, आणि चार एकरांची बारा. बाबांनी पेन्सिल कानाला लावली आणि बराच वेळ आढ्याकडे पाहिले. “एक एकर,” ते म्हणाले. “तीन एकर माझे, एक एकर तुझे.”

मला ते थोडे लागले. आता वाटते की त्यांचेच बरोबर होते. एका मुलीच्या कुंड्यांवर चार एकर लावणे हे धाडस नव्हे.

बांधाजवळच्या एकरात ते खत पडले. यंदाच्या श्रावणात मी रोज शाळेतून परस्पर शेतात जात असे. फरक होता; पण कथांत असतो तसा नव्हता. माझ्या एकराचा शेंडा एक छटा अधिक हिरवा होता, इतकाच. काढणीला पोती तोलली तेव्हा त्या एकराचे ७ क्विंटल १० किलो भरले, बाकीच्या तीन एकरांचे मिळून १८ क्विंटल ६० किलो. म्हणजे एकरी ६ क्विंटल २० किलो. मी वहीत ९० किलोंखाली दोन रेघा ओढल्या.

बाबांनी वही पाहिली आणि म्हणाले, “पोरी, बांधाजवळची माती खोल आहे. तिथं दर साली थोडं जास्तच येतं.” मी निरुत्तर झाले. मग तेच पुढे म्हणाले, “पुढल्या वर्षी हे खत नाल्याकडच्या मुरमाड एकरात घालू. तिथं उतरलं तर खरं.” कोणत्याही प्रयोगशाळेत न गेलेल्या माझ्या बाबांनी हे म्हटले तेव्हा मला गुरुजींची आठवण झाली. भाऊ यंदा आदिलाबादला शिकावयास गेला आहे, परंतु त्याचे श्रेय त्या ९० किलोंचे असे मी म्हणणार नाही. यंदा पाऊसही चांगला होता.

घट ह्या वर्षीही बसला. प्रतिपदेच्या आदल्या संध्याकाळी आजीने मला माती आणावयास धाडले. मी टोपली उचलून निघाले तोच तिने मागून हाक मारली आणि म्हणाली, “तुह्या एकरातली आण बरं.” मी बांधाजवळची माती टोपलीभर आणली, आणि तिने ती स्वतःच्या हाताने चाळून पत्रावळीवर पसरली.

जव मात्र नेहमीप्रमाणे पिवळेच आले.